काठावरची ठकठक

आजोबा: मग हा करवतीचा आवाज कसला? फोनवर तर म्हणालीस, कापणार नाही.

हेवॉन: तो पलीकडच्या खोलीतला आहे, आजोबा. तिथं तपासणीसाठी जहाजाचा पत्रा कापतायत. तुमच्या लाह्यांच्या हंड्याला करवत लावणार नाही, नुसतं टोचून बघणार. शब्द दिलाय ना मी?

आजी: त्यांचं काय मनावर घेतेस! हामानपासून इथं छांगवॉनपर्यंत टेम्पोत हंड्यावर हात ठेवून बसले होते. आमच्या सॉन्हीच्या वेळी मी एकटी कळा सोसत होते, आणि हे बाजारात लाह्या फोडत होते.

आजोबा: सणाच्या तोंडावरचा बाजार होता तो. सोडून येणार कसा?

आजी: बरोबर आहे. पोरीनंच थांबायला हवं होतं.

हेवॉन: आजी, पावतीवर नाव काय घालू?

आजी: यांचंच घाल. मा दलसू. हंडा त्यांचा, जाळ त्यांचा, ओरडणंही त्यांचंच. मी आपली समोर लाह्या झेलायची जाळी धरून उभी.

हेवॉन: सोबत कोण आलं तेही लिहावं लागतं. तुमचं नाव?

आजी: सॉन्हीची आई.

हेवॉन: तसं नव्हे. तुमचं स्वतःचं.

आजी: अगं बाई, ते दवाखान्यात लागतं तेवढंच. एरवी कोण म्हणतंय? राहू दे. ‘बायको’ लिही.

आजोबा: बायको लिही. चालतंय.

हेवॉन: बरं. आता हंडा जरा इकडं फिरवूया. केवढा जड आहे हो! लहानपणी आमच्या गल्लीत एक जण यायचे असा हंडा घेऊन. ते ओरडले की आता धडाम् होणार म्हणून मी कानांवर हात ठेवून पळायची, आणि धूर विरला की सगळ्यात आधी वाटी घेऊन हजर.

आजी: आमच्याकडंही तसलीच पोरं. हे घे, पिशवीत मक्याच्या लाह्या आहेत. कालच्याच आहेत.

हेवॉन: इथं खायची परवानगी नाही, आजी.

आजी: मग खिशात ठेव. खिशाला कोण विचारतंय?

आजोबा: अगं, तिला काम करू दे. पोरी, तू टोचणार म्हणजे नक्की काय करणार? भोक पडेल का? भोक पडलं तर वाफ धरणार नाही. आणि वाफ धरली नाही तर तांदूळ नुसते भाजले जातील.

हेवॉन: भोक नाही. हे बघा, या टोकाला एक गोळी आहे. मोहरीपेक्षा लहान, पण पोलादाहून कितीतरी कडक. ती हळूच हंड्यावर टेकवायची आणि दाबायची. मग जरा सैल सोडायचं. मग आधीपेक्षा जास्त दाबायचं, परत सोडायचं. असं करत जायचं. गोळी किती आत गेली आणि सोडल्यावर धातू किती वर आला, ते हे मशीन मोजतं.

आजोबा: आणि तेवढ्यावरून तुला कळतं?

हेवॉन: वर आला तो धातूचा लवचिकपणा. दबून राहिला ते त्याचं सोसणं. दोन्ही मिळून सांगतात की जोर आला तर हा धातू वाकून घेईल की तडकेल.

आजी: म्हणजे उकडीसारखंच की. सणाचे सोंगप्यॉन करताना तांदळाची उकड मळली की मी अंगठा दाबून बघते. खळगा राहिला आणि कडेला चीर पडली नाही, तर वळायला घ्यायची. चीर पडली की अजून मळायची.

हेवॉन: अगदी तेच. फक्त माझा अंगठा जरा महाग आहे.

आजी: तिच्याकडं बघून हसता काय? चाळीस वर्षं उकड मळतेय, एकदा तरी माझ्या अंगठ्याला चांगलं म्हणालात?

आजोबा: सोंगप्यॉन खातो की.

हेवॉन: एक विचारायचं होतं. टोचण्याआधी तेवढी जागा नीट घासून घ्यावी लागते. वरचा पातळ थर काढून टाकायचा. नखाएवढा जाड, बस.

आजोबा: घासायचं नाही.

हेवॉन: आजोबा, वरची कातडी खरं सांगत नाही. आतला धातू—

आजोबा: घासायचं नाही म्हटलं ना. आज नखाएवढा काढशील, उद्या आणखी कोणी काढेल. माझ्या उस्तादानं हा हंडा हातात दिला तेव्हा म्हणाला होता, याच्यातून काही काढायचं नाही आणि याला काही जोडायचं नाही.

आजी: उस्ताद जाऊन तीस वर्षं झाली. त्यांची भीती अजून गेली नाही.

हेवॉन: ठीक आहे. काजळी आणि गंज तेवढा पुसते, वर हलकी पॉलिश मारते. आकड्यात थोडा फरक पडेल, पण अंदाज येईल. आधी पोटावर घेऊया, जिथं जाळ लागतो. हलवू नका हं. लागली गोळी.

आजी: आवाजच नाही काही.

हेवॉन: नाही येत. पडद्यावर रेघ बघा. चढते, जरा उतरते, परत चढते.

आजोबा: चांगली आहे का ती?

हेवॉन: फार छान आहे. एवढी वर्षं जाळावर फिरूनही पोट अजून मऊ आहे, सोशीक आहे. जाडीही मघाशी मोजली, भरपूर आहे. असा हंडा जास्त दाब आला तर आधी फुगेल, तुम्हाला दिसेल, तुम्ही जाळ बंद कराल. एकदम फुटणार नाही.

आजी: ऐकलंत? उगाच सॉन्हीनं घोर लावला. पलीकडच्या बाजारात कोणाचा तरी हंडा फुटला म्हणून रोज फोन. ‘आई, बंद करा, आई, बंद करा.’ तिनंच ना गं इथं ठरवलं सगळं?

हेवॉन: कोणी, सॉन्हीनं? नाही हो. फोन आजोबांचाच आला होता. तीनदा.

आजी: यांचा?

आजोबा: काठ राहिलाय अजून. काठ बघ, पोरी. झाकण जिथं बसतं तिथं.

आजी: तुम्ही फोन केलात? पोरीला फोन करायचा तर जे माझ्या हातात फोन देतात, त्यांनी?

आजोबा: काठ बघ म्हटलं ना.

हेवॉन: बघते, बघते. इथं बरेच बारीक खळगे आहेत. पडला होता का हंडा कधी?

आजोबा: जुना आहे. असतील.

हेवॉन: त्यांच्या शेजारीच घेते. सपाट जागा आहे. लागली गोळी.

आजी: काय गं? चेहरा का असा झाला?

हेवॉन: एक मिनिट. परत घेते, जरा बाजूला.

आजोबा: बोल की.

हेवॉन: आजोबा, इथं धातू ताठलाय. गोळी आत जायलाच तयार नाही, आणि गेली तेवढीही दबून राहत नाही. सोसायची ताकद संपत आली की असं होतं. पोट इशारा देईल, पण हा काठ देणार नाही. एके दिवशी झाकणाजवळ सरळ तडा जाईल.

आजोबा: हंडा जाळावर आडवा असतो. झाकणाजवळ म्हणजे पुढच्या बाजूला.

हेवॉन: हो.

आजोबा: म्हणजे जाळीच्या बाजूला.

हेवॉन: हो, आजोबा.

आजोबा: संपलं तर मग. काढ तुझी गोळी. हंडा इथंच ठेव, भंगारात दे. टेम्पो रिकामा जाईल परत.

आजी: अहो, काय बोलताय? नव्या वर्षाचा बाजार परवावर आलाय! लोकांनी तांदूळ आणून ठेवलेत घरी. त्या पुलाखालच्या म्हातारीनं तर चेस्टनट सोलून ठेवलेत.

आजोबा: ठेवू देत.

आजी: आणि तुम्ही काय करणार? घरात बसून माझ्या डोक्यावर मिरे वाटणार? हंडा गेला की चार दिवसांत आजारी पडाल तुम्ही. मला माहीत आहे. मागच्या वर्षी पाय मोडला होता तेव्हा खिडकीत बसून येणाऱ्याजाणाऱ्यावर ओरडत होतात.

आजोबा: पडेन आजारी. पडू दे.

आजी: मला विचारलंत तरी का? रोज कटकट करते म्हणून काय मला हंडा नको होता असं वाटलं तुम्हाला? केसांत धूर, कपड्यांना मक्याचा वास, सगळं खरं आहे. पण मला आवडतं हो ते! झाकण उडालं की हंड्याच्या तोंडातून तो ढग बाहेर येतो आणि जाळी एकदम गरम आणि जड होते, ते मला फार आवडतं. कधी सांगितलं नाही एवढंच.

आजोबा: तोंडासमोर मी नसतो. तू असतेस.

आजी: मग?

आजोबा: मग काय मग! मी बाजूला बसून दांडा फिरवतो. काही झालं तर मला ओरखडाही येणार नाही. तो पलीकडच्या बाजारातला हंडा फुटल्यापासून मला झोप नाही. म्हणून फोन केला. भीती वाटते मला. झालं समाधान?

आजी: इतके दिवस बोलला नाहीत.

आजोबा: बोललो आता.

हेवॉन: आजोबा, जरा थांबा. मी काठाची दुसरी बाजू घेतलीये तोपर्यंत. खालची. ही रेघ बघा.

आजोबा: आता काय बघायचंय?

हेवॉन: ही चांगली आहे. पोटासारखीच मऊ.

आजी: एकाच हंड्याचा काठ, एकीकडं चांगला आणि एकीकडं वाईट?

हेवॉन: तेच मला कळत नाहीये. काठाला जाळ लागत नाही, गंजही दोन्हीकडं सारखाच. मग वरच्या बाजूलाच असं काय झालं? आजोबा, इथं नेमकं काय करता तुम्ही? सळई इथं अडकवता का झाकण उडवताना?

आजोबा: नाही. ती झाकणाच्या कडीत घालतो. इकडं, बाजूला.

हेवॉन: मग हे खळगे कसले?

आजी: अगं, ते! ठकठक आहे ती त्यांची.

हेवॉन: ठकठक?

आजी: झाकण उडवण्याआधी हे आरोळी देतात ना, सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशी, त्याच्या आधी सळईनं काठावर ठोकतात. ठक ठक ठक. दर वेळी तिथंच. मला वाटतं उस्तादानं शिकवलं असेल. हंड्याला नमस्कार करतात तसं काहीतरी.

हेवॉन: दर वेळी? दिवसातून कितीदा लाह्या फोडता तुम्ही?

आजी: बाजाराच्या दिवशी मोजायला फुरसत कुणाला असते!

हेवॉन: किती वर्षं ठोकताय, आजोबा?

आजोबा: पंधरा असतील. वीस असतील.

हेवॉन: अहो, मग तुम्हीच ताठवलाय तो! तार एकाच जागी वाकवत राहिलं की काय होतं? आधी कडक होते, मग तुटते. ठोकून ठोकून वरच्या थराचं सगळं सोसणं तुम्ही आधीच वापरून टाकलंय. म्हणून माझी गोळी आत जाईना.

आजी: बघा! एवढा जीव लावता हंड्याला, आणि रोज त्याच्याच डोक्यात हाणता. कुठल्या नमस्काराचा हा प्रसाद? उस्तादानं सांगितलं होतं का असं?

आजोबा: उस्तादाचा काही संबंध नाही.

आजी: मग कशासाठी ठोकता?

आजोबा: सहज.

आजी: वीस वर्षं सहज?

आजोबा: तुझ्यासाठी.

आजी: काय?

आजोबा: बघ. आताही ऐकू आलं नाही तुला.

आजी: आलं ऐकू. कळलं नाही म्हणून विचारलं. माझ्यासाठी म्हणजे काय?

आजोबा: तुझा कान गेला ना. डावा. माझ्या बाजूचा. आवाजानंच गेला, माझ्याच हंड्याच्या. तू कोणाला सांगितलं नाहीस, पण मला कळत होतं. एकदा मी आरोळी दिली आणि तू खाली वाकून सांडलेला मका वेचत होतीस. तोंड अगदी झाकणासमोर. माझी सळई झाकणाच्या कडीत होती. हात तिथंच थांबला म्हणून वाचलीस. नाहीतर त्या दिवशीच सगळं संपलं असतं.

आजी: मला आठवत नाही असं काही.

आजोबा: कसं आठवेल? तू वेचतच होतीस. त्या दिवसापासून ठोकतो. जाळीची कडी काठाला टेकलेली असते. काठावर ठोकलं की तुझ्या हातात येतं. तू मान वळवतेस आणि डोळे मिटतेस. मग मी उडवतो.

आजी: हो. हाताला कळतं ते. मला वाटायचं, तुमचा आपला नमस्कार चाललाय, तोवर आपण तोंड फिरवून घ्यावं.

हेवॉन: आजी, हा रुमाल घ्या.

आजी: काही नाही गं. लाह्यांचा भुसा गेला डोळ्यात.

हेवॉन: आजोबा, आता माझं ऐका. ठोकण्यानं ताठतो तो बहुतेक वरचाच थर. खाली धातू चांगला असू शकतो, पण थर काढल्याशिवाय मला कळायचं नाही. खरं तर सुरुवातीलाच घासायला हवं होतं. तुम्ही नको म्हणालात आणि मी ऐकलं, तेच चुकलं माझं. आता घासू द्या.

आजोबा: आणि खालीही ताठ निघाला तर?

हेवॉन: तर मीच सांगेन, हंडा परत नेऊ नका. खोटं बोलणार नाही.

आजी: घास गं तू.

आजोबा: उस्ताद म्हणाला होता—

आजी: उस्तादाला मी बघते. कधीतरी वर भेट होईलच आमची. तू घास.

आजोबा: …घास.

(घासणीचा आवाज बराच वेळ चालतो. आजोबा भिंतीकडं तोंड करून उभे. आवाज थांबतो.)

आजी: किती लख्ख दिसतंय तेवढंच. खळगे सगळे गेले.

आजोबा: गेले?

आजी: या, बघा. घाबरू नका. नवीन नाण्यासारखं झालंय.

हेवॉन: हात काढा, आजी. लागली गोळी.

आजोबा: माझ्याकडून बघवत नाही. तू सांग.

आजी: रेघ चढतेय. उतरली थोडी. परत चढली. हिचा चेहरा काही सांगत नाही. अगं, काहीतरी बोल!

हेवॉन: शेवटचं एकदा दाबू दे. हं. आता सोडते.

आजी: पोरी!

हेवॉन: मऊ आहे. चांगला आहे, आजोबा. खालच्या बाजूसारखाच. ताठलेली नुसती कातडी होती. काठ जाड आहे, एवढा थर गेल्यानं काही बिघडत नाही. परवाच्या बाजारात खुशाल न्या.

आजोबा: नक्की?

हेवॉन: सही करून देते. परवा माझी आई नव्या वर्षाचे तांदूळ घेऊन तुमच्याकडं आली, तर मी तिला लांब उभी राहा म्हणणार नाही.

आजी: आता तरी खा लाह्या! परवानगी गेली उडत.

हेवॉन: द्या इकडं. वा! कुरकुरीत आहेत की अजून. पण आजोबा, एक अट आहे. आजपासून काठावर ठोकायचं नाही. हलकंसुद्धा नाही. आणि वर्षातून एकदा हंडा माझ्याकडं आणायचा.

आजोबा: ठोकलं नाही तर हिला कळणार कसं?

हेवॉन: जाळीच्या कडीवर ठोका की. हातात तसंच येईल. कडी ताठली तर नवीन मिळते.

आजोबा: हां. हे चालेल. कडीवर ठोकेन.

आजी: मला नाही चालणार.

आजोबा: आता काय झालं?

आजी: कडीवर ठोका, हवं तर. पण नुसती ठकठक पुरे झाली मला. वीस वर्षं हाडं खिळखिळी केलीत. हाकही मारा.

आजोबा: आरोळी मारतोच की. ती ऐकू येत नाही म्हणून तर—

आजी: आरोळी सगळ्या बाजारासाठी असते. पोरांसाठी, कुत्र्यांसाठी, कान झाकणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी. मला त्याच्या आधी वेगळी मारा. या बाजूनं या, उजव्या कानाच्या.

आजोबा: आणि काय म्हणू?

आजी: माझं नाव आहे की एक.

आजोबा: बाजारात? सगळ्यांसमोर? लोक हसतील.

आजी: हसू देत. लाह्या घेताना हसलेलंच बरं.

आजोबा: सॉन्हीची आई म्हणतो.

आजी: तेही चांगलं आहे. पण समोर सॉन्ही उभी नसते, मी असते.

हेवॉन: मी जरा पावती छापून आणते. पलीकडच्या खोलीत आहे मशीन.

आजी: बस गं तू. साक्षीदार हवाच. हं, म्हणा. समजा हंडा तापलाय, दाबाचा काटा वर गेलाय, मी जाळी धरलीये. माझं लक्ष भलतीकडं आहे.

आजोबा: आत्ता?

आजी: परवा बाजारात पहिल्यांदा म्हणायला गेलात तर घशात अडकेल. सराव करा.

आजोबा: पोरी, ते मशीन बंद कर तुझं. गुरगुरतंय.

हेवॉन: केलं बंद, आजोबा.

आजोबा: हं. …गोपदान.

आजी: नाही आलं ऐकू. परत म्हणा.